प्राण्यांच्या चित्रपुस्तकांतून लहान पोरांना कामधंद्यांची ओळख कशी करून द्यायची

बेळगावात कुणाच्याही घरी पाहुणे आले की चार-पाच वर्षांच्या पोराला एक प्रश्न ठरलेला, मोठा झाल्यावर कोण होणार रे तू? उत्तरं पण ठरलेली. डॉक्टर, पोलीस, आणि घर कॅम्पाच्या बाजूला असेल तर मिल्ट्री, कारण मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान त्याला दिसत असतात. पोराचं काही चुकत नाही, जेवढं दिसतंय तेवढंच ते सांगणार. पण त्याच पोराच्या घरामागं वडगावात माग चालतोय, उद्यमबागेत फौंड्री आहे, दारात दूध घालायला माणूस येतोय, आणि ही माणसं दिवसभर नक्की काय करतात, कशानं करतात, कुणासाठी करतात हे त्याला कुणी बसून सांगितलेलंच नसतं.

माझं स्पष्ट मत आहे की ह्या वयात 'कोण होणार' हा प्रश्न बाजूलाच ठेवावा. आधी काम म्हणजे काय हे कळू दे. आणि त्यासाठी प्राण्यांच्या चित्रपुस्तकांसारखं दुसरं साधन नाही, कारण पोरांचा प्राण्यांवर आधीच जीव असतो, आणि प्राण्याच्या कामाला पगार नाही, मोठेपणा नाही, कमीपणा नाही, त्यामुळं पोराला फक्त काम दिसतं. हा लेख त्यांच्यासाठी जे पहिल्यांदाच हे करणार आहेत, म्हणजे आई-बाबा, आज्जी-आजोबा, अंगणवाडीच्या ताई, मराठी शाळेत पहिली-दुसरीला नवीन आलेल्या बाई, गल्लीत शनिवारी-रविवारी पोरं गोळा करून गोष्टी सांगणारं कुणीही.

एवढ्या लवकर कशाला?

हा प्रश्न येतोच म्हणून आधी सांगते. लिंडा गॉटफ्रेडसन नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८१ मध्ये मांडलंय की पोरं मोठी होताना कामांची यादी वाढवत नाहीत, उलट एकेक काम मनातनं काढून टाकत जातात. तीन ते पाच वर्षांत त्यांना एवढंच कळतं की मोठी माणसं कामं करतात. सहा ते आठच्या दरम्यान 'हे बायकांचं, हे पुरुषांचं' सुरू होतं. आणि नऊच्या पुढं कुठल्या कामाला मान आहे आणि कुठल्याला नाही हे बघून उरलेली कामं गळतात. म्हणजे दहावीनंतर आपण करिअर गायडन्सला घेऊन जातो तेव्हा निम्मी दारं त्या पोरानं स्वतःच बंद केलेली असतात, आणि तीही कधी बंद केली हे त्याला आठवत पण नाही. म्हणून तीन ते आठ हे वय महत्त्वाचं. ह्या वयात काही ठरवायचं नाही, फक्त दारं उघडी ठेवायची.

पहिलं काम: पुस्तकं गोळा करा, पण तीन ढीग करून

प्राण्यांची पुस्तकं सगळी एकसारखी नसतात, आणि ही गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही.

एक प्रकार म्हणजे ज्यात प्राणी कपडे घालून माणसाची कामं करतात, हत्ती डॉक्टर, माकड ड्रायव्हर, मांजर टीचर. दुसरा प्रकार, ज्यात खरे प्राणी आपलं खरं काम करताना दिसतात, सुगरण घरटं विणते, मधमाशी पोळं बांधते. तिसरा, ज्यात प्राण्यांसोबत काम करणारी माणसं असतात, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, धनगर, दूध डेअरीवाले, फॉरेस्ट गार्ड, सर्पमित्र.

आपल्याकडं पहिल्या प्रकारची पुस्तकं ढिगानं मिळतात आणि लोक तीच आणतात. पोरांना आवडतात पण ती, खोटं कशाला बोलू. पण फक्त तीच नकोत. टोरांटो युनिव्हर्सिटीच्या पॅट्रिशिया गानिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या पोरांना ओळखीच्या नसलेल्या प्राण्यांची पुस्तकं वाचून दाखवली, काही खऱ्यासारखी आणि काही ज्यात प्राणी माणसासारखे वागतात-बोलतात अशी. माणसासारख्या प्राण्यांची पुस्तकं ऐकलेल्या पोरांनी त्या प्राण्याबद्दलची खरी माहिती कमी उचलली, आणि खरा प्राणी पण माणसासारखाच विचार करतो-बोलतो असं जास्त धरून चालली. त्यामुळं माझा हिशोब असा, दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगातली पुस्तकं जास्त ठेवायची आणि पहिल्यातली तोंडी लावायला.

मिळणार कुठं? स्टोरीवीव्हर म्हणून प्रथम बुक्सची साइट आहे, २०१५ पासून आहे, तिथं मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, डाउनलोड करून प्रिंट काढता येते. बरीचशी पुस्तकं कन्नडमध्ये पण आहेत, आणि आपल्या भागात हे फार कामाचं. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्लिश अशी आपली पोरं, त्यामुळं तेच पुस्तक एकदा मराठीत आणि आठवड्यानं कन्नडमध्ये वाचलं तर शेजारचं कन्नड बोलणारं पोर पण येऊन बसतं. आईला कन्नड वाचता येत नसेल तर शेजारच्या अक्कांना बोलवायचं, त्या आनंदानं वाचतात. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात आणि मराठीत आहेत. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची मुलांची चित्रपुस्तकं छान असतात, दुकानात नसतील तर मागवायला सांगा, आणि कोल्हापूरला कोण जाणार असेल तर त्याला यादी द्या. वाचनालयात मुलांचं कपाट कोपऱ्यात असतं, बऱ्याच वेळा कुणी उघडत नाही, विचारलं तर देतात.

सुरुवातीला सहा-सात पुस्तकं पुरतात. मोबाइलवर एका पोराला मांडीवर घेऊन वाचलं तर एकवेळ चालतं, पण चार पोरं असतील तर प्रिंटच काढा. ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढून पोरांकडनं रंगवून घेतलं तरी चालतं, उलट रंगवताना ती चित्र जास्त नीट बघतात.

दुसरं: पोरासमोर उघडायच्या आधी स्वतः वाचा

वाचताना एवढंच बघा. पुस्तकात कुणीतरी खरोखर काहीतरी करताना दिसतंय का, की नुसतं 'मी डॉक्टर' म्हणून टोपी घालून उभं आहे? हत्ती डॉक्टर असेल तर तो तपासतोय का, औषध देतोय का, पेशंटशी बोलतोय का? नुसत्या ड्रेसवरनं काम कळत नाही, ड्रेसच कळतो.

आणि अजून एक, डॉक्टर, पायलट, सरपंच सगळे नर आणि नर्स, टीचर, स्वयंपाकीण सगळ्या माद्या असं आहे का? असेल तर पुस्तक फेकू नका, वाचताना बदला. हत्तीची हत्तीण करा. पोरं काही म्हणत नाहीत, आणि सहा वर्षांचं पोर 'हत्तीण कुठं बस चालवती?' म्हणालंच, तर तिथंच थांबून त्यावर गप्पा मारा, बेळगावच्या बसमध्ये तिकीट कोण देतं विचारा. लेडी कंडक्टर त्यानं बघितलेली असते.

कोल्हा लबाड, गाढव मठ्ठ, घुबड वाईट, हे असलं काही असेल तर मी ती पुस्तकं ह्या कामासाठी घेत नाही. गाढव ओझं वाहतं, म्हणून ते मठ्ठ, असं पोराच्या डोक्यात बसलं की ओझं वाहणारा माणूस पण तसाच वाटायला लागतो, आणि एपीएमसीत पोती उचलणाऱ्या हमालाचं पोर तुमच्यासमोरच बसलेलं असू शकतं.

तिसरं: पहिल्यांदा वाचताना काही शिकवू नका

खरंच नको. नुसतं वाचा, आवाज काढा, चित्र बघू द्या, पान परत मागं घ्या म्हटलं तर घ्या. मधेच 'बघ हं, हा किती कष्ट करतो' सुरू केलं की पोर उठून जातं. शिकवायचं सगळं दुसऱ्या-तिसऱ्या वाचनाला. तसंही पोरं तेच पुस्तक परत परत मागतात, त्यामुळं घाई कशाला.

चौथं: चार प्रश्न, आणि सगळी गंमत इथंच आहे

दुसऱ्या वाचनापासून चार प्रश्न विचारायचे. काय करालंय (आमच्या बोलीत 'करतंय')? कशानं करालंय? कुणासाठी करालंय? आणि कसं शिकलं असेल? एका वेळी चारही नकोत, तीन वर्षांच्या पोराला पहिले दोन पुरे.

सुगरणीचं पुस्तक घेऊन सांगते म्हणजे नीट कळेल. आपल्याकडं पावसाळ्यात भातशेताच्या कडेला, विहिरीवरच्या बाभळीला ही घरटी लटकलेली दिसतात, त्यामुळं पुस्तकातलं चित्र आणि बाहेरचं झाड दोन्ही हाताशी आहे. चित्रावर बोट ठेवून विचारलं, काय करालंय? पोरं म्हणतात घर बांधालंय. कशानं? गवतानं, चोचीनं. इथं थांबायचं आणि खरंच एक लांब गवताचं पातं पोराच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, मार बघू गाठ. एका हातानं. जमत नाही. दोन हातानं पण पातं फाटतं. मग दोन बोटांची चोच करून प्रयत्न करायला लावायचं. एवढं केल्यावर जे घरटं आधी नुसतं 'घर' होतं ते पोराला कौशल्य म्हणून दिसायला लागतं, आणि हे मी कितीही बोलून सांगितलं असतं तरी झालं नसतं.

आता कुणासाठी? इथं खरी माहिती सांगायची. सुगरणीत घरटं नर विणतो. अर्धं झालं की मादी येऊन बघते, पसंत पडलं तर पुढचं पूर्ण होतं, नाही पडलं तर तो दुसरं घ्यायला लागतो. पोरींना हे भारी आवडतं, आणि पोरांना पण, कारण विणकाम, शिवणकाम हे फक्त बायकांचं नाही हे इथं कुणी भाषण न देता कळतं. कसं शिकला असेल? कोवळे नर आधी कच्ची, वेडीवाकडी घरटी विणतात, सराव करत करत जमायला लागतं. हे ऐकल्यावर एक पोरगी म्हणाली होती, म्हंजे तो पण आधी चुकत होता काय? व्हय, चुकत होता. ह्याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे.

असेच बाकीचे घ्या. शिंपी पक्षी पानाच्या कडांना चोचीनं भोकं पाडून कोळिष्टकाच्या नाहीतर कापसाच्या धाग्यानं पान शिवतो. सुतार पक्षी खोडात ढोली कोरतो आणि तो सोडून गेला की त्याच ढोलीत साळुंकी, पोपट राहायला येतात, म्हणजे एकाचं काम दुसऱ्याच्या उपयोगी कसं पडतं ते दिसतं. कुंभारीण माशी ओल्या मातीच्या गोळ्या आणून भिंतीवर घर करते, हे तर घरातच दाखवता येतं, खिडकीच्या कोपऱ्यात असतंच. टिटवी राखण करते, जवळ गेलं की ओरडून सगळ्या शेताला कळवते. धनेश फळं खातो आणि बिया लांब नेऊन टाकतो, मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते तेव्हा नर तिला बाहेरनं चारतो, खानापूर-भीमगडच्या जंगलात धनेश आहेत, नशीब असेल तर दिसतो, पंखांचा आवाज तर लांबनंच येतो.

मधमाशीवर मात्र जरा जास्त वेळ द्या. पोळ्यातली कामकरी माशी, आणि कामकरी सगळ्या माद्याच असतात, तिचं काम वयाप्रमाणे बदलत जातं. आधी खोल्या साफ करायच्या, मग अळ्यांना भरवायचं, मग मेण काढून पोळं बांधायचं, मग दारावर पहारा, आणि शेवटी बाहेर जाऊन फुलांवरनं मकरंद आणायचा. म्हणजे एकाच आयुष्यात पाच नोकऱ्या. आपण पोरांना 'एकच काहीतरी हो' म्हणत असतो तेव्हा हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. जमिनीवर पाच चौकोन आखायचे, प्रत्येकात एक काम, पोरं एकेका चौकोनातनं पुढं जात ते काम करून दाखवतात. साफसफाईच्या चौकोनातनं सुरुवात केल्याशिवाय पुढं जाता येत नाही हे पोरं स्वतःच एकमेकांना सांगायला लागतात.

पाचवं: पुस्तकातनं उठून खऱ्या माणसाकडं

हा टप्पा सोडला तर बाकी सगळं वाया. टोरांटोलाच पुढं झालेल्या एका अभ्यासात दिसलं की वाटून घेण्याची गोष्ट माणसांच्या पात्रांतनं ऐकलेली चार ते सहा वर्षांची पोरं नंतर जास्त वाटून घेत होती, तीच गोष्ट प्राण्यांच्या पात्रांतनं ऐकलेल्या पोरांवर तसा परिणाम झाला नाही. म्हणजे प्राणी पोराला दारापर्यंत आणतो, आत माणसानंच घ्यायला लागतं. प्रत्येक पुस्तकाला एक माणूस जोडा, तोही जवळचा.

सुगरणीनंतर वडगाव, शहापूर, खासबागकडं माग बघायला जायचं. आधी एकटं जाऊन विचारून या, कधी येऊ, दुपारी जरा निवांत असतं का, पोरांनी कशाला हात लावलेला चालेल. पॉवरलूमजवळ आवाज फार असतो, लहान पोरं घाबरतात आणि मशिनपाशी हात जायची भीती, म्हणून मिळाला तर हातमाग बघा, नाहीतर कांडी भरतात तिथं बसा. आम्ही गेलो तेव्हा धोटा, म्हणजे आडवा दोरा नेणारी नळी, इकडनं तिकडं जाताना बघून पोरं गप्पच झाली, मग एकानं विचारलं, मामा, दोरा तुटला तर? मामांनी मुद्दाम थांबवून तुटलेलं टोक शोधून दाखवलं, दोन बोटांत धरलं, थुंकी लावली, गाठ मारली, परत सुरू. घरी येऊन पोरांनी सगळ्या सुतळीला गाठी मारून ठेवल्या. उभे दोरे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा, हे शब्द पोरांना तिथंच मिळाले आणि त्यांनी ते पक्के धरले.

तुमच्या विचारपूसचे प्रश्न तेच चार ठेवा, पोरांनाच विचारू द्या. पंधरा-वीस मिनिटं बस झाली. जाताना काहीतरी घेऊन जा, पोरांनी काढलेलं चित्र सगळ्यात चांगलं. फोटो काढायच्या आधी विचारा.

कुंभारीण माशीसाठी कुंभार. खानापूर कुंभारकामासाठी जुनं नाव, तिथं खादी ग्रामोद्योगची कुंभारकाम शिकवणारी संस्था पण आहे, शाळेनं आधी परवानगी काढली तर बरं. आणि कर्नाटकी बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, जवळ आला असेल तर दुसरं काही शोधू नका, कुंभार मातीचे बैल करत असतात, बाजारात विकायला असतात, गोठ्यात बैल रंगवत असतात, म्हणजे बैलाचं पुस्तक, बैलाचं काम, बैल घडवणारा माणूस आणि बैल राखणारा माणूस चारही एकाच आठवड्यात.

जनावरांचे डॉक्टर तर पहिल्या यादीतच ठेवा. गावात सरकारी पशु दवाखाना असतो, तिथं खोडा असतो, ज्यात गाय-म्हैस उभी करून तपासतात. पोरांना दवाखाना म्हणजे आपल्याला सुई टोचतात ती जागा, इथं म्हशीला टोचतात आणि म्हैस कशी अंग काढून घेते बघून त्यांची स्वतःची भीती पण जरा कमी होते. लाळ्या-खुरकतची लस द्यायला डॉक्टर गावात येतात तो दिवस धरला तर अजून चांगलं. मोठ्या पोरांनी किंवा पालकांनी विचारलं तर सांगा, पशुवैद्यकाची डिग्री इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची असते आणि बिदरला तर त्याचं विद्यापीठच आहे. आपल्याकडच्या कितीतरी आई-वडलांना हे माहीत नसतं, त्यांना डॉक्टर म्हटलं की एमबीबीएसच दिसतं.

मेंढरांचं पुस्तक वाचलं तर चिकोडी, अथणीकडच्या वाटेवर, मोकळ्या रानात मेंढरं बसवलेली असतात तिथं जा. धनगर रात्रभर कळप शेतात बसवतात, शेताला लेंडीखत मिळतं आणि शेतकरी त्यांना पैसे किंवा धान्य देतो. हे काम पोरांना 'नुसतं फिरणं' वाटतं, म्हणून मुद्दाम विचारायला लावा, मामा, तुमची मेंढरं तुम्ही कशी ओळखता? पाऊस येणार कसं कळतं? ह्या प्रश्नांवर धनगर तुम्हाला तासभर बसवून घेईल.

भूतरामहट्टीचं राणी चन्नम्मा प्राणीसंग्रहालय हायवेजवळच आहे, तिथं सहली जातात. पण सहलीत सगळे वाघ-सिंह बघून परत येतात. तुम्ही तिथं माणसं बघा. खाऊ कोण घालतंय, पाण्याची टाकी कोण घासतंय, तिकीट कोण देतंय, झाडं कोण राखतंय. पोरांना सांगायचं, आज प्राणी मोजायचे नाहीत, काम करणारी माणसं मोजायची.

एक अजून आहे, जे मला फार जवळचं वाटतं. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, २०११ मध्ये जाहीर झालं, आणि तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारं. गुहेत पोरांना न्यायचं नाही, वटवाघळांना त्रास होतो. पण वटवाघळाचं पुस्तक वाचताना सांगता येतं की आपल्याच जिल्ह्यातल्या ह्या वटवाघळासाठी लांबनं शास्त्रज्ञ येतात, रात्री बसतात, आपल्या कानाला ऐकू न येणारे त्याचे आवाज मशिनवर पकडतात, वहीत लिहितात. रात्री जागून आवाज ऐकणं हे पण काम असतं हे ऐकून पोरांचे डोळे मोठे होतात. मारुती चितमपल्लींचं पण सांगा, सोलापूरचे, १९३२ चा जन्म, वनखात्यात नोकरी केली, आयुष्य जंगलात काढलं आणि पक्ष्यांवर मराठीत लिहिलं, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. फॉरेस्ट ऑफिसर आणि लेखक दोन्ही एकच माणूस असू शकतो, हे पोराला माहीत पाहिजे.

एका ठिकाणी जपून

गिधाड, कावळा, शेणकिडा हे सफाई करतात हे पुस्तकात येणारच आणि यायलाच पाहिजे. गिधाडं कमी झाली तेव्हा मेलेल्या जनावरांचा केवढा प्रश्न झाला, जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधानं ती मरत होती आणि २००६ मध्ये सरकारनं ते जनावरांसाठी बंद केलं, हे आठ वर्षांच्या पोराला सांगता येतं. पण 'गिधाड म्हणजे आपला कचरावाला' असं कधीही जोडू नका. वर्गात महापालिकेत सफाईला जाणाऱ्या आईचं पोर असतं. इथं उलटं करायचं, आधी माणूस आणि नंतर प्राणी. घंटागाडी पहाटे किती वाजता येते, ओला-सुका का वेगळा, हातमोजे का पाहिजेत, एक दिवस गाडी आली नाही तर गल्लीत काय होतं, हे सगळं बोलून झाल्यावर, आणि मग वेगळ्या दिवशी गिधाडाचं पुस्तक. तसंच कुठलंही काम कुठल्या जातीचं, कुठल्या आडनावाचं असं पोरासमोर बोलायचं नाही. सुगरण पक्ष्याला विणकाम उपजत असतं, माणूस मात्र कुठलंही काम शिकून करू शकतो, हा फरक पाच वर्षांच्या पोराला पण सांगा, त्याला कळतो.

अथणी-निपाणीकडं कोल्हापुरी चपला करणारे कारागीर आहेत, २०१९ च्या जीआय मानांकनात, म्हणजे ही वस्तू ह्याच भागाची अशा सरकारी नोंदीत, आपला जिल्हा पण आहे. तिथं नेलं तर पोर विचारणारच, हे कातडं कुणाचं? खरं उत्तर द्या, लहान आणि साधं, मेलेल्या जनावराचं कातडं कमावून करतात. टाळाटाळ केली की त्या कामाबद्दलच काहीतरी लपवायचं आहे असं पोराला वाटतं.

सहावं: खेळ आणि स्वतःचं पुस्तक

घरात एक पुठ्ठ्याचा डबा ठेवा आणि त्यात खरी, पण धोका नसलेली हत्यारं टाकत जा. मोजपट्टी, जुना टॉर्च, रिकामं दुधाचं माप, सुतळी, मोठ्या भोकाची प्लास्टिकची सुई, जुनी पावती बुकं. विकतचा डॉक्टर सेट नसला तरी काही अडत नाही. पावती बुकाला तर एवढी मागणी असते की भांडणं होतात, दोन ठेवा.

एका मोठ्या कागदाच्या घड्या घालून आठ पानांचं बुक होतं. पोर चित्र काढतं, तुम्ही ते जे सांगतं ते तसंच लिहायचं, 'करालंय' म्हणालं तर 'करालंय'च लिहा, दुरुस्त करू नका. डाव्या पानावर प्राणी, उजव्या पानावर माणूस. शिंपी पक्षी आणि गल्लीतले टेलर मामा. टिटवी आणि सोसायटीचे वॉचमन काका. मधमाशी आणि आज्जी, असं एका पोरानं केलं होतं, कारण आज्जी पण सगळीच कामं करते. घरात होणारं काम पण काम आहे हे त्याला आपणहून सुचलं.

वयाप्रमाणे थोडं

तीन-चार वर्षांना फक्त 'काय करालंय' आणि हातात काहीतरी वस्तू, दहा मिनिटं. पाच-सहाला चारही प्रश्न आणि एखादी भेट. सात-आठला 'हे काम नसतं तर काय झालं असतं?' हा पाचवा प्रश्न जोडा आणि बायका-पुरुषांच्या कामावर मोकळं बोला, कारण मनात गाठ बसायचं वय ते. अंगणवाडीत सगळी वयं एकत्र असतील तर वाचन सगळ्यांना एकच ठेवा, मोठ्यांना प्रश्न विचारायचं काम द्या, धाकटी हत्यारांच्या डब्यात रमतात.

महिन्याला दोन पुस्तकं आणि एक माणूस, ह्यापेक्षा जास्त ओढू नका. घरातल्या मोठ्यांना पण आधी सांगून ठेवा की पोर भेटीवरनं आल्यावर 'मग तू विणकर होणार काय?' असं हसत विचारायचं नाही. त्याऐवजी 'काय बघितलंस, करून दाखव की' म्हणा, आणि खरंच बसून बघा. पुढच्या वेळी कुणाकडं जायचं ते पोरांनाच ठरवू द्या, आमच्याकडं सध्या पोरं सांबऱ्याच्या विमानतळावर पक्ष्यांना कोण हाकलतं ह्यावर अडून बसलीत, त्यामुळं आता घारीचं चांगलं पुस्तक शोधायचं चाललंय.